वच्छलाबाईंचा उजवा हात

मी ताडकळसच्या वच्छलाबाईंचा उजवा हात बोलतोय. त्यांचा जन्माचा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. मी नंतरचा, प्लॅस्टिकचा, तारांचा, रबरी कातडीचा.

परभणीच्या शिवप्रकाश नावाच्या तरुण इंजिनिअरनं मला घडवलं. माझ्या बोटांना गरम-गार कळतं. माणसाच्या नसा मेंदूला कळवतात, तसे बारके ठोके मी बाईंच्या दंडाला देतो. वस्तू जितकी गरम, तितके ठोके भराभर.

पहिल्या तपासणीला त्यानं मला कॉम्प्युटरला जोडलं आणि सहज विचारलं, "मावशी, सोमवारी दुपारी लय गरम काही धरलं होतं का?"

बाई दचकल्या. "तुला कसं कळलं?"

"हात सगळं लक्षात ठेवतो ना."

"ठिवू का म्हणून मला इचारलं होतंस?"

त्यानं मान खाली घालून माझी वायर काढली.

त्या दिवसापासून मी घरात परका झालो. कुणी बोलायला आलं की बाई मला काढून पेटीत ठेवायच्या. "ह्यो हात माझा हाय का त्या पोराचा, तेच कळंना," असं सुनेला म्हणायच्या. तपासणीला जाणंही त्यांनी सोडलं.

थंडीतली एक सकाळ. नातीला, छोट्या सृष्टीला, आंघोळ घालायची होती. बाईंनी मला बादलीत बुडवलं. मी संथ ठोके दिले. पाणी कोमट आहे, असंच मला वाटत होतं. बाईंनी तांब्या भरला, आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग डावा हात पाण्यात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. पाणी कढत होतं.

माझी बोटं बधिर झाली होती आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई बसनं परभणीला गेल्या आणि मला शिवप्रकाशच्या टेबलावर ठेवलं. "ह्याच्यावर इसवास ठिवला असता तर पोर भाजली असती."

त्याचा चेहरा उतरला. "बिघाड शोधायला आतली नोंद बघावी लागेल, मावशी. बघू का?"

बाईंनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. "माझ्यासमोर बघ. गरम-गार तेवढंच. मग तुझ्या कॉम्प्युटरातलं पुसून टाक."

त्यानं तसंच केलं. कातडीला चीर जाऊन आत पाणी शिरलं होतं. त्यानं नवी कातडी बसवली.

आता माझे ठोके बरोबर पडतात. तरी सृष्टीच्या आंघोळीला आधी मी पाण्यात जातो, मागून डावा हात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला घडवणाऱ्यांनो, काही लक्षात ठेवायचं तर आधी विचारत जा. आणि बाई, माझ्यावरचा तुमचा संशय तेवढा सोडू नका.