खाडीवरचा बगळा

"खाडीवरच्या बगळ्या, तुझी टोपी कोणी धुतली?"

प्रेमाबाईंनी ओळ म्हटली आणि दुसरीच्या वर्गाने ती जशीच्या तशी परत केली. 'बगळ्या'वर बाईंचा आवाज फाटला होता, मुलांनीही तिथेच फाडला. 'टोपी'च्या आधी बाईंना खाकरावं लागलं होतं, तर अख्खा वर्ग एका सुरात खाकरला.

बाईंनी पेटीवर हात आपटला. "चेष्टा करता माझी?"

पहिल्या बाकावरचा शौनक रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही तस्संच म्हणालात ना!"

खरंच होतं ते. 'मी म्हणेन तस्संच म्हणायचं' हा बाईंचाच नियम. विक्रोळीच्या या शाळेत त्यांनी मुलांच्या कितीतरी पिढ्या त्याच नियमावर गात्या केल्या होत्या. बाईंना आधी हसू फुटलं. मग मधल्या सुट्टीत त्या पाणी प्यायला म्हणून गेल्या आणि नळापाशीच बराच वेळ उभ्या राहिल्या. दिवाळीत थायरॉईडचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला. पण आवाजाची नस दुखावली. बोलणं घोगरं झालं, आणि वरचा सा तर गेलाच.

मुख्याध्यापिका अनुपमाबाईंनी समजुतीने विषय काढला. "प्रेमाताई, गॅदरिंगला स्पीकरवर एखादं तयार गाणं लावूया ना. मुलं नाचतील. तुम्ही कशाला त्रास करून घेता? पुढच्या वर्षी लायब्ररी बघा, झकास काम आहे."

त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. गुणाजी कंपनीतून निवृत्त झालेले. मालवणी काही सुटली नव्हती. मासे साफ करता करता ते म्हणाले, "गळो बसलो तो बसलो. बोटां बसली नाय मां तुझी?"

"बोटांनी शब्द शिकवता येतात होय?"

"ता माका काय ठावक? बाई तू आसस."

दुसऱ्या दिवशी बाईंनी शब्द फळ्यावर लिहिले, तोंड मिटलं आणि नुसती पेटी वाजवली. आठवडाभर नुसता गोंधळ. निम्मा वर्ग पुढे, निम्मा मागे, शौनक भलत्याच गावात. नक्कल करायला समोर आवाजच नाही, तर मुलांनी करावं काय? बाई हाताने थांबवायच्या, पुन्हा सुरू करायच्या. हळूहळू मुलं पेटीकडे कान देऊ लागली.

आणि एके दिवशी जान्हवीने घोळ घातला. एरवी मान खाली घालून पुटपुटणारी ही मुलगी 'बगळ्या'वर अचानक वर गेली आणि तिथून अलगद घसरत 'टोपी'वर उतरली. बाईंनी स्वतः चाल बांधली होती, खाडीकडच्या तिवरांत बगळे बघून. त्या चालीत अशी जागा नव्हतीच. थांबवायला त्यांचा हात वर गेला.

"बाई, चुकलं?" जान्हवीने घाबरून विचारलं.

बाईंनी हात खाली घेतला. पेटीवर तो सूर शोधला, मग तिथून उतरायची वाट शोधली. दोनदा वाजवून पाहिली.

"परत म्हण गं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "सगळे ऐका रे. जान्हवी म्हणेल तसं."

त्या संध्याकाळी त्यांनी अनुपमाबाईंना सांगितलं, "स्पीकर नको. मुलं गातील."

"नक्की ना? पालक येणार आहेत, वाट लागायला नको."

"लागली तर माझी लागेल."

गॅदरिंगला पटांगण भरलं होतं. बाई पेटी घेऊन कडेला बसल्या, मुलं समोर उभी राहिली. पहिल्या ओळीला शौनक घाईत पुढे निघून गेला, मग थांबला. बाकीच्यांनी त्याला गाठलं. जान्हवीची जागा आली आणि सगळी मुलं एकदम वर चढली. आवाज स्वच्छ, कोवळे, कुठेही न फाटलेले. मागच्या रांगेत गुणाजी उभे राहून बघत होते.

मग अंतरा आला. एवढी वर्षं अंतऱ्याची पहिली ओळ बाईच उचलून द्यायच्या. सवयीने त्यांनी श्वास भरून घेतला, ओठ उघडले.

मुलांनी ओळ केव्हाच उचलली होती.

बाईंनी ओठ मिटले आणि भाता जरा जोराने ओढला.