ताठ उभा राहा, चन्नवीर

मी जुना आहे, पण वाकलेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, मित्रांनो, कारण म्हातारा म्हटलं की लोक पहिल्यांदा कमरेकडे बघतात. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या व्यायामशाळेत मी वीस किलोंचा लोखंडी बार आहे. दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या अडकवल्या की माझा खरा थाट दिसतो.

भट्टीत तापलो, यंत्रातून ओढला गेलो आणि सरळ होऊनच जगात आलो. घामट हातांतून निसटू नये म्हणून माझं अंग खरखरीत केलं. पुढे आरसे आले, गादीवाली यंत्रं आली आणि मी जिन्याखाली गंजत पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग भुवनेश्वरी अक्का शिकवायला आल्या. त्यांनी मला तारेच्या ब्रशनं घासलं, तेल पाजलं आणि पुन्हा मधोमध आणून ठेवलं.

अक्का डेडलिफ्ट शिकवतात. मला जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं आणि तितक्याच निगुतीनं खाली ठेवायचं. मी नडग्यांजवळ हवा, पोटात श्वास भरून ते घट्ट हवं, पाठ सरळ हवी आणि जोर पायांचा हवा. सगळे मान डोलावतात. करतात मात्र आपल्या मनाचं.

चन्नवीर त्यातलाच. त्याचे वडील सोमलिंग संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचे. तो उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यात उभा धरून चालायचं, म्हणजे गंमत नव्हे. वडील गेले आणि यंदा तो मान पहिल्यांदा चन्नवीरकडे आला. वडील जिथवर नेत, तिथवर मीही नेणार, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

तयारीला त्यानं मला निवडलं, याचा मला अभिमान होता. पण त्याला ध्वजाच्या सरावाची सवय. मला घेऊन उभा राहिला की तो पोट पुढं काढून मागं रेलायचा. अक्का रोज टोकायच्या.

"तितं ध्वज कमरेवर उभा असतोय. हितं वजन हातात लटकतंय," त्या म्हणायच्या. "मागं रेललास की सगळा भार कमरेच्या मणक्यावर येतोय बघ."

एके दिवशी त्या बाहेर गेल्या असताना त्यानं चकत्या वाढवल्या. मी जमिनीवरून उठलो, तो मागं रेलला आणि त्याच्या हातांची पकड एकदम सुटली. मी धाडकन आदळलो. मला काही झालं नाही. त्याच्या कमरेत मात्र अशी उसण भरली की बूट काढायलाही त्याला बसूची, त्याच्या चुलतभावाची, मदत घ्यावी लागली.

अक्कांनी आधी त्याला डॉक्टरांकडे धाडलं. विश्रांती झाली, डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा अक्कांनी माझ्यावरच्या सगळ्या चकत्या उतरवल्या. नुसता मीच! पोरं हसली आणि मलाही अपमान वाटला. पण तो मुकाट्यानं उचलत राहिला, ठेवत राहिला.

यात्रा झाली. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून आला. मागून कमलम्मा, त्याची आई, अक्कांसाठी शेंगाच्या पोळ्या घेऊन आल्या. वाटेत कंबर कुरकुरायला लागली आणि वडिलांचं ठिकाण यायच्या आतच त्यानं ध्वज बसूकडे दिला, असं कळलं. वडिलांचं नाव घालवलं म्हणून तो रडवेला झाला होता.

कमलम्मांनी डबा खाली ठेवला.

"तुझे वडील ध्वज कुणाच्या हातात दिले न्हाईत," त्या म्हणाल्या. "कंबर गेली, शेवटची वर्षं पाणी पण झोपून पिलेत. तू काल घरी चालत आलास की. मला लई झालं."

चन्नवीरनं मला हात घातला. पाय रोवले, पोट घट्ट केलं आणि उभा राहिला. ताठ, बरोबर ताठ, मागं तसूभरही नाही. इतक्या वर्षांत माझ्यावर डोंगराएवढं वजन चढलं, पण त्या रिकाम्या उचलण्याएवढा मी कधी फुशारलो नव्हतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मला खुशाल उचला, मी भारी आहेच. पण कंबर बोलायला लागली की मला खाली ठेवा, मला राग येत नाही. मी वाकलो तर अक्का बाजारातून दुसरा बार आणतील. कमलम्मांनी दुसरी कंबर कुठून आणायची?