चिमट्यांच्या पिशवीतली फुलं

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलं आणि कौतुकासाठी एकच शब्द वापरला: ‘जमलंय.’ खुर्चीचा पाय खाचेत चपखल बसला की जमलंय. नातवाला पोहता आलं की जमलंय. वीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला हा शब्द तीनदा मिळाला. तिन्ही वेळा काय केलं होतं ते मला आजही सांगता येईल. आणि मी काही ऐरीगैरी स्वयंपाकीण नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज दीडशे माणसं माझ्या हातचं खातात. पण पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

म्हणूनच त्या रविवारी धाकट्या जावेनं वरच्या मजल्यावरून वाडगाभर सूप आणलं आणि मामंजी ते संपवून, चमच्यानं तळ खरवडून ‘जमलंय’ म्हणाले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटी चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड दूध तापवता येत नव्हतं. या वर्षी तिनं गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत ढोबळी मिरची लावली. सहा डबे, सहा झाडं. त्यातलं एकच पुढे गेलं आणि त्याला तीन मिरच्या लागल्या. त्या लालभडक पिकल्यावर तिनं गॅसवर भाजल्या, सालं काढली, बटाट्याबरोबर शिजवून घोटल्या आणि वर मऊ भात घातला. एवढंच. यात कसली आलीय कला?

पण मोठ्या तापानंतर मामंजींच्या तोंडाची चवच गेली होती. दोन महिने मी नाना तऱ्हेचं करून त्यांना खाऊ घालत होते. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. “राग मानू नकोस, सगळं कागदासारखं लागतं गं,” म्हणायचे. आणि हिच्या तीन मिरच्यांनी त्यांची जीभ जागी झाली!

“बाकीच्या झाडांना मिरच्या धरल्या की मी वरच जेवत जाईन,” ते मला म्हणाले. “तुझेही कष्ट वाचतील, थोरले.”

माझे कष्ट वाचवा असं कुणी सांगितलं होतं यांना? वीस वर्षं माझ्या टेबलाशी बसलेला माणूस वाडगाभर सुपासाठी वर निघाला होता. मला मत्सर वाटला. हेवा वगैरे नाही, चांगला पोटात दुखेल असा मत्सर. नवरा म्हणाला, “तुला मिरच्या न खाताच झोंबल्या.” त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम माझं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोरीपाशी उभी होते. डब्यांतल्या झाडांवर बारीक पांढरी फुलं आली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी एक फूल खुडलं. मग दुसरं. मग सहाही झाडांवरची सगळी खुडली. फूलच नाही तर मिरची कुठून येणार? फुलं टाकायची कुठे हे सुचेना, म्हणून चिमट्यांच्या पिशवीत कोंबली आणि खाली आले. त्यानंतर रोज सकाळी हाच उद्योग, तीन आठवडे.

धाकटी कधी डब्यांकडे बघून कोड्यात पडल्यासारखी दिसायची. बाजारातल्या मिरच्या आणून तिनं पुन्हा सूप करून पाहिलं. मामंजींनी चमचा ठेवला. “ही ती नव्हे,” म्हणाले. मी मनातल्या मनात खूश झाले. खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी मी लवकर घरी आले. मामंजी खिडकीत बसून पट्ट्याला टोच्यानं नवं भोक पाडत होते. त्याच्या शेजारी आणखी एक भोक होतं, तेही ताजंच. “पँट राहत नाही गं,” ते हसून म्हणाले. त्यांचं मनगट माझ्या लाटण्याएवढं झालं होतं. मला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्या दिवसापासून मी झाडांना हात लावला नाही.

आणि ती झाडं सुटली ना! कमरेएवढी झाली, बाजूंनी फांद्या फुटल्या, पानोपानी मिरच्या लोंबायला लागल्या. मी रोज दोरीपाशी उभी राहून बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. त्या लाल व्हायला दोन महिने गेले. तोवर मामंजी दूध-पावावर कसेबसे तगले.

मग एका रविवारी धाकटी पातेलंभर सूप घेऊन खाली आली. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. मामंजींनी एक वाडगा संपवला, दुसरा मागितला.

“मामंजी, हे खरं ताईंचं आहे हो,” धाकटी म्हणाली. “बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं, पहिली फुलं खुडावीत म्हणजे झाड भरतं. माझा हातच होईना. ताईंनी गुपचूप रोज खुडली. चिमट्यांच्या पिशवीत सुकलेली फुलं सापडली तेव्हा मला कळलं. दुकानात सगळ्यांना सांगितलं मी, जाऊ असावी तर अशी.”

मामंजी माझ्याकडे वळले. चमचा वर धरून म्हणाले, “थोरले, जमलंय.”

चौथ्यांदा. आणि हा घास काही माझ्या घशाखाली उतरेना. गप्प बसले असते तर शब्द माझाच होता. धाकटी माझ्याकडे कौतुकानं बघत होती, आणि तेच मला सोसवेना.

“मी पाकीट वाचलं नव्हतं,” मी म्हणाले. “झाडांना मिरच्याच लागू नयेत म्हणून खुडली फुलं. तुम्ही वर जेवायला जाणार म्हणून. जळत होते मी.”

नवरा ताटात बघत राहिला. मामंजींनी चमचा खाली ठेवला. धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं आणि तिचे डोळे भरून आले. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मग तिनं माझा वाडगा ओढला, त्यात आणखी एक डाव सूप घातलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

“खा, गार होतंय,” ती म्हणाली. “आणि ताई, उद्यापासून कपडे मी वाळत घालीन.”

मी मान हलवली आणि चमचा उचलला. सूप माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.