तारप्याकडे पाठ

आई गेल्यावर डोंगरातल्या वारली पाड्यावरच्या मंगळीला पालघरच्या काशीबाईंनी घरी आणलं आणि पोटच्या पोरीसारखं वाढवलं. शाळेत घालताना मात्र मंगळीची ‘मंगला’ केली. "कोणी गाव विचारलं तर वसईकडचं सांग हो," हीसुद्धा त्यांचीच शिकवण. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूला कोण काय बोलणार? अकरावीपर्यंत पोरगी इतकं शुद्ध बोलू लागली की नरहरी मास्तर इतर मुलींना म्हणत, "जरा मंगलाकडून शिका."

दिवाळीनंतर बोईसरला एका बड्या साहेबांच्या हस्ते वाचनालयाचं उद्घाटन होतं. मास्तरांनी त्यासाठी मुलींचा ‘आदिवासी नाच’ बसवला. म्हणजे लेझमीचीच कवायत, फक्त हातातली लेझीम काढून घेतलेली. मंगळीनं खरा नाच मामाच्या खांद्यावर बसून पाहिलेला. तालमीत तिला हसू आवरेना, पण तोंड उघडलं की बिंग फुटणार, मैत्रिणी तुटणार, म्हणून ती गप्प राहिली.

समारंभाला मास्तरांनी एक तारपा वाजवणारा बोलावला. दुधी भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य उराशी धरून मांडवात शिरला तो नेमका तिचा मामा, जिवल्या! मंगळी मैत्रिणीच्या आड झाली. तिच्यात आईचा चेहरा जसाच्या तसा उतरलेला, त्यामुळे त्यानं लगेच ओळखलं. तो हसणार, तेवढ्यात तिचा घाबरा चेहरा बघून त्यानं मान खाली घातली.

"तू मागे उभा राहा रे," मास्तर म्हणाले. "मुलींची तोंडं साहेबांकडे हवीत."

"तारप्याला कोन पाठ दावत नाय, मास्तर. तारपा जाल तिकडं नाचनाऱ्यांनी जायाचा."

"ते तुमच्या पाड्यावर!"

जिवल्या निमूटपणे मागे निघाला. मंगळीजवळ येताच हळूच म्हणाला, "जरा सरका, बाय."

सरका! ज्यानं खांद्यावर नाचवलं तो मामा तिचं खोटं झाकायला तिला अहोजाहो करत होता. मंगळी शरमेनं मेली, आणि या खेपेची शरम वारली असण्याची नव्हती. मागोमाग अंगात खोडी संचारली.

तारपा घुमला तशी ती गर्रकन वळली, साहेबांकडे सपशेल पाठ करून. हात एकमेकींत गुंफलेले, त्यामुळे बाकीच्या पाचजणीही फिरल्या.

"मामा, चाल!" ती ओरडली. "थांबू नको, चाल!"

मग काय विचारता! तारप्यामागे मंगळी, मंगळीमागे मुली, अशी रांग मंचाच्या पायऱ्या उतरून खुर्च्यांत घुसली. भाषणांनी पेंगुळलेल्या साहेबांचा हात शेवटच्या मुलीनं धरला आणि तेही निघाले. मास्तर मागून धावत होते, "मंगला! अगं, साहेबांकडे तोंड कर!" साहेब तर रांगेतच होते.

"हा तुझा कोण?" मास्तरांनी तिला गाठलं.

"माझा मामा. मी वारल्याची मंगळी. वसईकडं माझा कोन नाय."

मास्तर प्रेक्षकांत बसलेल्या काशीबाईंकडे वळले. "बाई, ही काय म्हणते?"

काशीबाईंचा चेहरा पडला होता. तरी त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? तिनं सांगितलं ना."

तारपा थांबला. जिवल्या मंगळीकडे रोखून बघत होता.

"मंगळे," तो भर मांडवात खेकसला, "पाय काय टाकतंस! समदा इसरलीस. चल, पयल्यापासून!"

इतक्या वर्षांत तिला ‘मंगळे’ म्हणून असं हक्कानं कोणी रागावलं नव्हतं. ती डोळे पुसत, हसत रांगेत उभी राहिली.