रेघेच्या पुढचं

बोईसरहून कुंभवलीकडे जाताना त्या काळी एक दगडाची खदान होती, आणि तिच्या वरच्या अंगाला ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं प्रार्थनाघर. साल १९६६. पत्रे खंडेराव ठेकेदाराने दिलेले. खदान त्याची, आणि मंडळीतला मुख्य पंचही तोच. मागच्या खोलीत उपदेशक पुंजाराम मास्तर बायको मंजुळाबाईंसह राहायचे, तेही त्याच्याच मेहेरबानीवर. माणूस मिंधा झाला की त्याचा आवाज कसा मऊ पडतो, हे तुम्हाआम्हाला नव्याने सांगायला नको.

दर शनिवारी संध्याकाळी खंडेराव यायचा आणि पवित्र शास्त्रात पेन्सिलीची बारीक रेघ ओढायचा. "उद्या इथवर वाचा, मास्तर. लोक दमलेले असतात." मास्तर रेघेपाशी थांबायचे. चाकरांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हा उतारा तर वर्षात कितीदा तरी निघायचा, आणि रेघ नेमकी तिथेच यायची.

ऐकणारे बहुतेक खदानीतले वारली मजूर. वाचता कुणालाच येत नव्हतं. खडी फोडणाऱ्या ठकीला मात्र ऐकलेलं सगळं ध्यानात राहायचं. वाचन संपलं की ती पायरीवर थांबायची.

"मास्तर, पुडं काय हाय?"

"पुढचं पुढच्या रविवारी."

"आमच्यात कहानी अर्धी ठेवत नाय. अर्धी ठेवली का ती ऐकनाऱ्याच्या मागं घरी येते."

मास्तर हसण्यावारी न्यायचे. माघात खदानीच्या कड्याचा एक दगड सुटला आणि ठकीचा भाऊ नवशा त्याखाली गेला. कबरीपाशी मास्तर म्हणाले, "देवाची इच्छा." त्या दिवशी ठकीने काहीच विचारलं नाही.

वैशाखातला एक शनिवार. कड्यावरून येताना मास्तरांना जमिनीत तडा दिसला. त्यांनी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. आतून गार वारा लागत होता आणि माती गळल्याचा बारीक आवाज येत होता. त्यांनी झटकन हात काढला आणि संध्याकाळी ते खंडेरावाला सांगितलं.

"माहीत आहे मला," खंडेराव म्हणाला. "पण पावसाआधी रस्त्याला खडी द्यायची आहे. मजूर कुजबुजतात. ठकीचा नवरा, तो जिवल्या, खाली उतरायला नकोच म्हणतो. म्हणून उद्या तो चाकरांचा उतारा घ्या. खाल्ल्या मिठाला जागा, मास्तर." आणि त्याने रेघ ओढली.

तो गेल्यावर मंजुळाबाई चुलीपुढून उठल्या. "वाचणार तुम्ही?"

"शास्त्रातलंच आहे ना? मी खोटं कुठे वाचतो?"

"खोटं नाही, अर्धं. अर्ध्या खऱ्यावर माणूस मरतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं?"

"अगं, डोक्यावरचं छप्पर जाईल."

"नवशाचं काय गेलं? तुम्ही देवाची इच्छा म्हणालात. देवाची इच्छा त्या रेघेखाली लिहिली होती. ती तुम्ही वाचलीच नाहीत."

नवशाच्या रक्ताचा डाग आपल्याही हाताला आहे, हे मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रविवारी वाचन रेघेपाशी आलं आणि मास्तर थांबले. खंडेराव खाकरला. खाली खदानीत एक खडा घरंगळत गेला, तो सगळ्यांनी ऐकला. ठकी मास्तरांकडे एकटक बघत होती.

मास्तरांनी बोट रेघेखाली नेलं आणि पुढे वाचलं. धन्यांनीही चाकरांशी तसंच नीट वागावं, दमदाटी सोडावी. दोघांचा धनी वर आहे आणि तो तोंड बघून न्याय करत नाही. मग पुस्तक हातात धरून ते म्हणाले, "काल त्या कड्यावरच्या तड्यात माझा हात कोपरापर्यंत गेला. उद्या कुणी खाली उतरू नका."

खंडेराव उठला. "आठवड्यात खोली रिकामी करा," एवढंच बोलून तो निघून गेला.

सोमवारी मजूर वरच, कड्यापासून लांब बसून राहिले. खंडेराव एकटाच खाली उतरला आणि हाका मारमारून थकला. शेवटी शिव्या द्यायला म्हणून वर आला, आणि पाठीमागे कडा कोसळला. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, जिवल्याच्या रोजच्या जागेवर खोलीएवढी शिळा पडली होती. ज्यांना शिव्या द्यायला आला, त्यांच्यामुळेच खंडेराव वाचला होता.

पुढच्या रविवारी मास्तरांचं गाठोडं दाराशी बांधून तयार होतं. नवा उतारा वाचता वाचता एक जुनी रेघ आली आणि सवयीने ते थांबले. मग मागून, मजुरांमध्ये मांडी घालून बसलेल्या खंडेरावाचा आवाज आला, घोगरा.

"मास्तर, पुढं काय आहे?"

मंजुळाबाईंनी गाठोडं उचलून आत नेलं.

बंधूंनो, देवाचं वचन सोयीपुरतं वाचणारे एकटे पुंजाराम मास्तर नव्हते. पेन्सिल आपल्या सगळ्यांच्याच खिशात असते. रेघ ओढण्याआधी एवढंच बघा, की तिच्याखाली कोण उभं आहे.