दोन हात वर

नवरात्राची सहावी माळ. नई सडकेवरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपार अशी पसरली होती, की पंखासुद्धा पेंगत फिरत होता. पद्माबाई देवापुढे बसून अखंड दिव्याची राखण करत होत्या. आता डोळे मिटून कसली आलीय राखण! पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती?

यंदाचा दिवा सुनेसाठी होता. दोनदा कूस रिकामी झाल्यावर अंतराला आता कुठे सातवा लागला होता. नऊ दिवस दिवा विझता कामा नये, असं पद्माबाईंनी देवीला बजावूनच ठेवलं होतं.

परवाच अंतरा म्हणाली होती, "आई, माळा दिव्याच्या किती जवळ आहेत, देखो तो सही. सुकल्या की पेट घेतील."

"दसऱ्यापर्यंत माळ उतरवत नाहीत," पद्माबाईंनी ठणकावलं. विषय संपला. प्लायवुडच्या कपाटातल्या त्या टीचभर देवघरात रोज एक माळ वाढत गेली, आणि पहिल्या दिवसाचा झेंडू वाळून कडकडीत झाला.

डुलकी लागली आणि पद्माबाई थेट दौलतगंजातल्या जुन्या घरी पोचल्या. छत उंच, माळा छतालाच टांगलेल्या. सासूबाईंना, कुसुमताईंना, जाऊन वीस वर्षं झाली, पण त्यांची नऊवारी अजून कशी चापूनचोपून! दिव्याची ज्योत परकर सावरत घरभर हिंडत होती. "बाई गं, मान वर करू का?" असं ज्याला त्याला विचारत होती. कुसुमताई कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून हवा मोजत होत्या.

"एक हात. दोन हात. दिव्यापासून माळ दोन हात वर. पद्मे, निम्मंच लक्षात ठेवलंस होय गं?"

कुठूनतरी जळक्या झेंडूचा वास आला. पद्माबाईंनी डोळे उघडले.

माळेचं टोक पेटलं होतं. वर प्लायवुड, आणि भिंतीपलीकडे अंतरा झोपलेली! देव पुसायचा ओला पंचा हाताशी होता, तो त्यांनी माळेवर दाबला. माळ चुर्र करून विझली. पंच्याखाली दिवाही गेला.

"आई, काही जळतंय क्या?" पोटावर हात धरून अंतरा दारात उभी होती.

कुणाला कळलं नसतं. काडी ओढली की झालं असतं. पण पद्माबाई रडत म्हणाल्या, "दिवा विझला गं माझ्या हातानं. तुझंच बरोबर होतं."

अंतरा टेकत टेकत शेजारी बसली. "दिवाच गेला ना? मी तर आहे ना, आई."

पद्माबाईंनी पितळी परातीत दिवा ठेवला आणि परात खाली उघड्या फरशीवर आणली. माळेपासून हातानं मोजलं. एक. दोन. मग काडी ओढली.

"दिवा परत लावता येतो, माय," त्या देवीला म्हणाल्या. "ही पोर कुठून आणली असती?"

मग त्या अंतराकडे वळल्या. "आणि तू जरा जागी राहा गं. मला पुन्हा पेंग येतेय."