बाप: प्रश्नचिन्ह

"आत्या, या झाडाचा बाप कोण गं?"

प्रश्न विचारला चिमणीने, पण डोकं तिच्या दोन मैत्रिणींचं. भर गिऱ्हाइकासमोर, मोठ्या आवाजात विचारायचा, अशी शाळेतून येतानाच पैज लागली होती. हल्ली चिमणी कुठल्याच पैजेला मागे हटत नसे. गेल्या वर्षापर्यंत ती उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नव्हती, हे आता तिला स्वतःलाही खरं वाटलं नसतं. दोघी मैत्रिणी कुंड्यांच्या रांगेमागे तोंडावर दप्तर धरून खुसखुसत होत्या.

प्रश्न अगदीच आगाऊ नव्हता. आत्या मखमली पानांच्या अँथुरियमची संकरित रोपं तयार करून विकायची. हिरव्या जाळीच्या तिच्या शेडमध्ये प्रत्येक कुंडीत एक पांढरी पट्टी खोचलेली असे. आधी आईचं नाव, मग बापाचं, मग तारीख. आत्याने पट्टीवर लिहिलं म्हणजे लिहिलं; गिऱ्हाईक डोळे मिटून रोप उचलायचं. फक्त कोपऱ्यातल्या एका मोठ्या झाडाच्या पट्टीवर होतं, 'आई: काळी मखमल. बाप: ?'

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. समोर ट्रे मोजत असलेला रोपांचा व्यापारीही आकडा विसरून पाहू लागला.

"बाप मलाही माहीत नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "पण ज्या कार्टीने हे लग्न जुळवलं ती समोरच उभी आहे. तिला विचारा."

कुंड्यांमागे हास्याचा स्फोट झाला.

"मी? मी कधी?"

"पट्टी उलटी कर."

मागे पुसट पेन्सिलीत लिहिलं होतं, 'चिमणीचा उद्योग. वय सात.'

आणि मग सगळं धाडकन आठवलं. सात वर्षांची चिमणी उलट्या क्रेटवर उभी. ओल्या शेवाळाचा वास. आत्या फुलाच्या मधल्या कणसाकडे बोट दाखवतेय, "हे थेंब बघ, दवासारखे. थेंब आले की ही तयार. आता दुसऱ्या झाडाचा पराग हिला लावायचा." परागाच्या पुड्या घरच्या फ्रिजमध्ये असत, बाबांनी एकदा त्यातली एक मिरपूड समजून अंड्यावर टाकली होती, आणि आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. प्रत्येक बापाचा ब्रश वेगळा, दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा. ब्रशांची सरमिसळ म्हणजे या शेडमधला सगळ्यात मोठा गुन्हा.

तो गुन्हा चिमणीने आत्या फोनवर असताना केला होता. लाल दोऱ्याचा ब्रश घेऊन ती सगळ्या आवडत्या झाडांचा पराग टिपत फिरली. कुणा एकालाच निवडलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल, असा तिचा साधा हिशोब. मग तो ब्रश काळ्या मखमलीला लावला, आणि हात फ्रॉकला पुसून साळसूदपणे बसून राहिली. पुढे सात महिने त्या कणसावर फळांचे मणी टपोरत गेले, तसतशी तिची झोप उडत गेली. पण कुणी काहीच बोललं नाही.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"फ्रॉकवर पिवळी पाच बोटं होती, बाई."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडणार होते. रोपं मोठी झाल्यावर, तुला उभी करून." आत्याने झाडाच्या पानावरून बोट फिरवलं. काळ्या मखमलीवर चांदीच्या शिरा, आणि कडेला तांब्याची बारीक झाक. "मग हे पान उलगडलं. मला तीस वर्षांत ठरवून असं पान काढता आलं नाही. मग काय ओरडायचं?"

व्यापाऱ्याने मान हलवली. "पान झकास आहे ताई, पण हे तुमच्याकडेच राहू द्या. बाप माहीत नसलेलं झाड मी कुणाच्या गळ्यात मारू? बाकीचं सगळं रविवारी उचलतो."

तो गेला, मैत्रिणीही गेल्या. शेड एकदम मोठी वाटायला लागली. रविवारी रोपं जाणार, मग जाळी उतरून शेड बंद होणार, हे घरात कधीच ठरलं होतं. आत्याचा हात थरथरतो, त्याला कुणाकडेच इलाज नव्हता. चिमणीलाही ते ठीक वाटलं होतं, आत्ता दहा मिनिटांपूर्वीपर्यंत.

तेवढ्यात तिला ते दिसलं. प्रश्नचिन्हाच्या कणसावर थेंब चमकत होते.

"आत्या! ही तयार आहे!"

"मला दिसतंय." आत्याने सवयीने पुडी उघडली, ब्रश टेकवला. हात हलला. ब्रशवरची सोनेरी पूड कणसावर न पडता सगळी साडीवर सांडली. आत्या हसली, पण ते हसणं चिमणीला पाहवलं नाही.

"आण इकडे."

"बिनबापाच्या झाडाची रोपं कोण घेणार गं? आणि पट्टीवर खोटं नाव मी टाकणार नाही."

"नकोच टाकू. आईच्या जागी प्रश्नचिन्ह लिहू. बापाचं नाव तर आहे ना या पुडीवर?"

आत्याने निळ्या दोऱ्याचा ब्रश पुढे केला. "हलक्या हाताने. भिंत रंगवत नाहीयेस."

चिमणी श्वास रोखून कणसाभोवती ब्रश फिरवत राहिली. शेजारी आत्या, तोच शेवाळाचा वास, फक्त पायाखाली आता क्रेट लागत नव्हता. नवी पट्टी तिनेच लिहिली, आणि या वेळी हात फ्रॉकला पुसले नाहीत.

संध्याकाळी जेवताना तिने पाण्याचा पेला ठेवला तो जरा आवाज करूनच.

"रविवारी जाळी उतरवायची नाही. तिला दिवस गेलेत."

आईचा घास हातातच राहिला. "कुणाला?!"

"प्रश्नचिन्हाला. सात महिने तिला हलवायचं नाही. मग बिया पेरायच्या, मग तीन वर्षं पानं बघायची. बाकीचं न्या खुशाल, पण तेवढा कोपरा माझा."

"आणि दहावी?" बाबा म्हणाले.

"तीही करणार. शाळेच्या आधी पाणी, शाळेनंतर बाकीचं. आत्या खुर्चीत बसून ओरडणार, हात माझे." तिने एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. "मी विचारत नाहीये. सांगतेय. आणि बाबा, फ्रिजमधल्या पुड्यांना उद्यापासून हात लावायचा नाही."